स्वित्झर्लंडला पायी फिरायचंय? नकाशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी मंडळींची तयारी विमान, हॉटेल, रेल्वे पास आणि थेपल्यांपाशी संपते. नकाशाचा विचार होतो तो तिथे पोहोचल्यावर, एखाद्या फाट्यावर उभं राहून. खरं तर जगातले सर्वात काटेकोर डोंगरी नकाशे याच देशाचे आहेत आणि ते घरबसल्या फुकट मिळतात. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना आणि कधीच ट्रेक न केलेल्यांनाही उपयोग होईल, अशा बेताने ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणं मुद्दाम ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेन या भागातली घेतली आहेत, कारण आपल्यातले बहुतेक जण युंगफ्राउयोख या उंचावरच्या रेल्वे स्थानकाच्या निमित्ताने तिथे जातातच.

फोनमध्ये गूगल मॅप्स आहे. मग वेगळा नकाशा कशाला?

शहरात आणि रस्त्यावर तो पुरेसा आहे, हॉटेल शोधायला उत्तम आहे. अडचण डोंगरात येते. गूगलचा नकाशा आधी उतरवून घेतला तरी इंटरनेट नसताना तो फक्त गाडीची वाट सांगतो, पायी चालण्याची सांगत नाही. नेहमीच्या दृश्यात चढ-उताराचा अंदाज येत नाही. पायवाट रुंद आहे की कड्याच्या कडेने जाणारी, हेही कळत नाही. दोन ठिकाणं नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात आणि मधे 800 मीटरचा कडा असतो. लाउटरब्रुनेनच्या दरीत हे अक्षरशः खरं आहे: खाली दरीतला रस्ता, वर कड्यावर म्यूरेन गाव.

मग चांगला नकाशा कुठे मिळेल? पैसे किती?

स्वित्झर्लंडच्या सरकारी भूमापन कार्यालयाचं नाव स्विसटोपो. त्यांचे सगळे नकाशे 'मॅप डॉट जिओ डॉट अॅडमिन डॉट सीएच' या संकेतस्थळावर उघडता येतात. नोंदणी नाही, शुल्क नाही, इंग्रजी पर्याय आहे. 1 मार्च 2021 पासून स्विसटोपोने आपली बहुतेक डिजिटल माहिती सर्वांना मोफत खुली केली. त्यामुळे आज जो नकाशा तिथला गिर्यारोहक वापरतो, तोच तुम्ही डोंबिवलीत बसून पाहू शकता. छापील नकाशाला मात्र पैसे पडतात आणि रुपयांत हिशेब केला तर तो स्वस्त वाटणार नाही.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा शोधपेटीत गावाचं नाव टाका आणि शेजारच्या यादीतून चालण्याच्या वाटांचा थर सुरू करा. लगेच पिवळ्या, लाल आणि निळ्या रेघांचं जाळं दिसू लागेल. त्याच यादीत बंद असलेल्या वाटांचाही थर आहे. दरड, पूल वाहून जाणं, जंगलतोड अशा कारणांनी कुठली वाट अडली आहे आणि पर्यायी वाट कोणती, हे त्यात दिसतं. हा थर निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहावा.

हे नकाशे इतके चांगले का मानले जातात?

याचं श्रेय एका लांबलचक परंपरेला आहे. गियोम-आँरी द्युफूर या लष्करी अभियंत्याने 1838 मध्ये जिनिव्हाजवळ भूमापन कचेरी सुरू केली. त्यांच्या देखरेखीखाली 1845 ते 1865 या काळात संपूर्ण देशाचा 1:100,000 प्रमाणाचा (नकाशावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर) नकाशा प्रसिद्ध झाला. वायव्येकडून उजेड पडला आहे अशी कल्पना करून त्यात डोंगरांच्या सावल्या बारीक रेघांनी दाखवल्या होत्या, त्यामुळे कागदावर डोंगर उठून दिसत. देशातल्या सर्वोच्च शिखराला, 4,634 मीटरच्या द्युफूरश्पित्सेला, त्यांचंच नाव आहे. नकाशा काढणाऱ्याचं नाव सर्वात उंच जागी कोरणारा देश नकाशांकडे कसा पाहतो, ते यातून समजतं.

विसाव्या शतकात एडुआर्ड इमहोफ यांनी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात नकाशात डोंगरांच्या सावल्या दाखवण्याची ही कला शास्त्र म्हणून शिकवली. आजच्या 1:25,000 मालिकेत 247 पत्रकं, म्हणजे नकाशाचे सुटे कागद, आहेत. कंटूर रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा; साध्या माती-गवतावरच्या तपकिरी, खडक आणि घसाऱ्यावरच्या काळ्या-राखाडी आणि हिमनदीवरच्या निळ्या असतात. म्हणजे रेषेचा नुसता रंग पाहूनही पायाखाली काय येणार आहे, ते कळतं.

लुत्सर्नला जाणार असाल तर ग्लेशियर गार्डनमध्ये फ्रान्झ लुडविग फायफर यांनी अठराव्या शतकात बनवलेली मध्य स्वित्झर्लंडची उठावाची प्रतिकृती जरूर पाहा. 1786 मध्ये पूर्ण झालेलं हे काम आहे, उपग्रह आणि विमान तर सोडाच, धड नकाशेही नसतानाचं. नकाशांची थोडीही आवड असेल तर तिथे तासभर सहज जातो.

1:25,000, 1:33,333, 1:50,000 यातलं नेमकं कोणतं घ्यायचं?

1:25,000 मध्ये नकाशावरचे 4 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. 1:50,000 मध्ये 2 सेंटिमीटर. मधलं 1:33,333 हे प्रमाण स्विसटोपोने खास पदभ्रमणाच्या नकाशांसाठी घेतलं आहे, त्यात 3 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर.

एकाच दरीत दोन-तीन दिवस राहून छोट्या वाटा चालायच्या असतील तर 1:25,000 घ्या. चार-पाच दिवस गावोगाव चालत जायचं असेल तर 1:50,000 पुरतो आणि ओझंही कमी होतं. माझं मत विचाराल तर नवख्याने 1:25,000 नेच सुरुवात करावी. त्यात एकेक घर, एकेक ओढा दिसतो, समोरच्या देखाव्याशी नकाशा जुळवणं सोपं जातं आणि आत्मविश्वास येतो.

पत्रकाचा क्रमांक कसा शोधायचा?

इथे थोडं सावध राहायला हवं, कारण पत्रकाला ज्या गावाचं नाव असतं त्या गावाच्या आसपासचं सगळंच त्यात येतं असं नाही. 1:25,000 चं एक पत्रक 17.5 बाय 12 किलोमीटरचा तुकडा दाखवतं. लाउटरब्रुनेनचं पत्रक 1228. पण लाउटरब्रुनेनपासून दरीच्या टोकाला श्टेखेलबेर्गपर्यंतची सोपी आणि अतिशय सुंदर वाट चालायला निघालात, तर ती अर्ध्यात पत्रकाबाहेर जाते आणि पुढचा भाग 1248, म्हणजे म्यूरेनच्या पत्रकात सापडतो. ग्रिंडेलवाल्ड, फिर्स्ट, बाखआल्पझे, मेनलिखेन आणि क्लाइने शायडेग ही फिरण्याची सगळी ठिकाणं मात्र 1229 या एकाच पत्रकात बसतात. युंगफ्राउयोखची जागा तिसऱ्याच पत्रकात आहे, पण तिथे तुम्ही आगगाडीने जाणार, त्यासाठी नकाशा विकत घेऊ नका.

1:50,000 मध्येही असंच होतं. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड 254 क्रमांकाच्या इंटरलाकेन पत्रकात आहेत, तर म्यूरेन आणि श्टेखेलबेर्ग 264 क्रमांकाच्या युंगफ्राउ पत्रकात. लोकप्रिय भागांसाठी अशी तुकडेबाजी टाळणारी मोठी जोडपत्रकंही निघतात. ऑर्डर देण्याआधी संकेतस्थळावर पत्रकांची चौकट पाहा आणि तुमची वाट बोटाने त्यावर फिरवून बघा.

छापील नकाशा भारतातूनच मागवावा का?

गरज नाही. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि पर्यटन केंद्रांत त्या-त्या भागाची पत्रकं मिळतात. इथे छापून न्या, आवडलं तर तिथे चांगली प्रत घ्या.

घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात छापायचं तर कसं?

संकेतस्थळावर छपाईची सोय आहे. कागद ए4 किंवा ए3 निवडा, प्रमाण 1:25,000 ठेवा आणि पीडीएफ उतरवा. खरा घोळ पुढे होतो. दुकानातला मुलगा सवयीने 'फिट टू पेज' ठेवून छापतो आणि नकाशा चार-पाच टक्क्यांनी आक्रसतो. त्याला 'अॅक्च्युअल साइज' किंवा 100 टक्के ठेवायला सांगा आणि छापून आल्यावर खालची मोजपट्टी पट्टीने मोजून पाहा. एक किलोमीटर चार सेंटिमीटरच भरला पाहिजे. ए4 च्या उभ्या कागदावर जेमतेम पाच किलोमीटर रुंदी मावते, म्हणून शक्य असेल तर ए3 घ्या.

रंगीतच छापा. काळ्या-पांढऱ्यात वाटेचा दर्जा सांगणारे रंग जातात आणि ओढा, वाट, कंटूर सगळं सारखंच दिसू लागतं. इंकजेटची शाई पावसात पसरते, लेझर प्रिंट टिकते. लॅमिनेशन करू नका, घडी घालता येत नाही. साधं पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट पुरे.

फोनमध्ये कोणतं अॅप ठेवू?

स्विसटोपोचं स्वतःचं मोफत अॅप. त्यात हवा तो चौकोन आधीच उतरवून ठेवता येतो, मग नेटवर्कशिवायही तुम्ही कुठे आहात तो ठिपका नकाशावर दिसतो, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. आणखी एक गंमत म्हणजे फोन समोरच्या डोंगररांगेकडे धरला की शिखरांची नावं पडद्यावर येतात. आयगर कुठला, म्योंख कुठला आणि युंगफ्राउ कुठली, हा घरातला वाद तिथल्या तिथे मिटतो.

दुसरं म्हणून ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ठेवा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात आणि सीमा ओलांडून फ्रान्स, इटलीत गेलात तरी उपयोगी पडतात. स्विसटोपोचा तपशील मात्र मुख्यतः स्वित्झर्लंड आणि शेजारच्या लिख्टेनश्टाइनपुरता.

नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवा आणि निघण्याआधी फोन विमान मोडवर टाकून ते खरंच उघडतात का, हे तपासा. युरोपचं सिम घेताना लक्षात ठेवा: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. संघाच्या देशांत चालणारं पॅकेज तिथे चालेलच असं नाही.

आम्ही मे महिन्यात जातोय. नकाशावर दिसणाऱ्या सगळ्या वाटा चालता येतील ना?

नाही. सर्वात जास्त लोकांची निराशा इथेच होते, म्हणून सविस्तर सांगतो.

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे. तिथला डोंगरातला उन्हाळा साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मे महिन्यात 2,000 मीटरच्या वर बहुतेक ठिकाणी अजून बर्फ असतो. नकाशा मात्र डोंगर उन्हाळ्यातल्यासारखाच दाखवतो. त्यावर वाटेची लाल रेघ असते, प्रत्यक्षात तिथे उतारावर घट्ट बर्फाचा पट्टा असतो आणि त्यावरून पाय घसरला तर थांबायला काही नसतं. अशा पट्ट्यावर बुटांचे ठसे दिसले तरी ते तुमच्यासाठी आहेत असं समजू नका.

शिवाय अनेक रोपवे हिवाळा संपल्यावर आणि उन्हाळा सुरू होण्याआधी देखभालीसाठी बंद असतात. छायाचित्रांत दिसणारं बाखआल्पझे हे तळं सुमारे 2,265 मीटरवर आहे, मे महिन्यात ते बहुधा गोठलेलं किंवा बर्फाने वेढलेलं असतं. मेनलिखेनहून क्लाइने शायडेगला जाणारी प्रसिद्ध सपाट वाटही 2,000 मीटरच्या वरच आहे.

म्हणून मे महिन्यात नकाशा उलटा वाचा. आधी 1,500 मीटरची कंटूर रेषा शोधा आणि तिच्या खालच्या वाटा निवडा. लाउटरब्रुनेन गाव सुमारे 800 मीटरवर आणि श्टेखेलबेर्ग 900 च्या आसपास. दोन्हींमधली वाट जवळजवळ सपाट, साधारण दोन तासांची आणि मे महिन्यात तिचं रूप सर्वात देखणं, कारण वितळत्या बर्फामुळे कड्यावरून कोसळणारे सगळे धबधबे भरलेले असतात. त्यातला श्टाउबबाख जवळपास 300 मीटर उंचीवरून पडतो. थुन आणि ब्रिएन्झ या तळ्यांच्या काठच्या वाटाही याच महिन्यातल्या. उंचावर जायचा हट्ट असेल तर रोपवेच्या वरच्या स्थानकाचा वेबकॅम सकाळी पाहा आणि गावातल्या पर्यटन केंद्रात जाऊन आज कोणती वाट उघडी आहे, ते विचारा. तिथली माणसं खरं ते सांगतात. 'जाऊ नका' म्हणाली तर जाऊ नका.

पिवळ्या, लाल आणि निळ्या रेघांचा अर्थ काय?

पिवळी म्हणजे साधी पदभ्रमणाची वाट. चालण्याची सवय असलेल्या कोणालाही जमेल अशी. पाट्याही पिवळ्या असतात.

लाल म्हणजे डोंगरवाट. प्रत्यक्ष जागेवर दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा रंगवलेला असतो. ती चढाची, अरुंद, कधी कड्याच्या बाजूने जाणारी. चांगले बूट हवेत, उंचीची भीती नको. राजगडाची संजीवनी माची ज्यांना आरामात जमते, त्यांना कोरड्या हवेत यातल्या पुष्कळ वाटा जमतील.

निळी म्हणजे पांढरा-निळा-पांढरा पट्टा, म्हणजे हिमनदी, खडकारोहण, काही ठिकाणी हाताचा आधार. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाने तिकडे वळू नये.

हिरव्या चौकोनात आकडा दिसला तर तो ठरावीक लांब मार्ग. 1 क्रमांकाचा व्हाया अल्पिना ग्रिंडेलवाल्डहून क्लाइने शायडेगमार्गे लाउटरब्रुनेनला जातो.

पाटीवर किलोमीटर नसतात, फक्त वेळ असते. ती आपल्याला लागू होते का?

ती वेळ सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर हा वेग धरून, चढ-उताराची भर घालून काढलेली असते आणि त्यात विश्रांती मोजलेली नसते. फोटो, मुलं आणि डबा खाणं धरून आपण दीडपट वेळ गृहीत धरावी. परतीची शेवटची गाडी किंवा रोपवे किती वाजता आहे, ते नकाशाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा.

मला भारतीय टोपोशीट वाचता येतं. स्विस नकाशा वेगळा पडेल का?

फारसा नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या टोपोशीटमध्ये कंटूर रेषा सहसा 20 मीटरच्या अंतराने असतात. स्विस 1:25,000 मध्येही डोंगराळ भागात तेच 20 मीटर, आणि ठरावीक उंचीला जाड रेषा. फरक प्रमाणाचा. स्विस नकाशात त्याच उताराच्या रेषा दुप्पट अंतरावर दिसतात, त्यामुळे टोपोशीटला सरावलेल्या डोळ्याला स्विस डोंगर सौम्य वाटण्याचा धोका आहे. 1:25,000 वर दोन शेजारच्या रेषांमध्ये एक मिलिमीटरही अंतर नसेल, तर तो उतार 40 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असं समजा.

आई-बाबा बरोबर आहेत. चढ किती आहे ते आधी कळेल का?

कळेल. संकेतस्थळावर मोजण्याचं साधन घेऊन वाटेवर रेघ ओढा, खाली उंचीचा आलेख येतो. एकूण चढ, एकूण उतार आणि लांबी एकाच ठिकाणी दिसते. गुडघे दुखत असतील तर चढापेक्षा उताराचा आकडा महत्त्वाचा. रोपवेने वर जाऊन पायी खाली येण्याचा बेत कागदावर सोपा वाटतो, पण 700-800 मीटरचा उतार वयस्कर गुडघ्यांना दोन दिवस विसरू देत नाही.

स्वित्झर्लंडमोबिलिटी या संस्थेच्या नकाशात अडथळामुक्त वाटा वेगळ्या दाखवल्या आहेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी नेता येईल अशा. वडीलधाऱ्यांसाठी त्यातूनच निवड करावी.

रोपवेच्या स्थानकावर रंगीत चित्रनकाशा फुकट मिळतो. तो चालणार नाही?

देखावा समजायला छान आहे, पण तो प्रमाणात नसतो. सगळी शिखरं एका नजरेत यावीत म्हणून दऱ्या वळवलेल्या आणि डोंगर ताणलेले असतात. त्यावरून अंतर काढू नका.

टूर कंपनीबरोबर जातोय. मला याचा काय उपयोग?

मोकळी मिळालेली एक दुपार. बाकीचे चॉकलेटच्या दुकानात असताना गावामागच्या पिवळ्या वाटेने दीड तास फिरून वेळेत बसपाशी येता येतं. इंटरलाकेन असो की लुत्सर्न, आधी छापलेला एक ए4 कागद त्यासाठी पुरतो.

वाट चुकलो किंवा कोणाला लागलं तर?

112 हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, 144 रुग्णवाहिकेचा आणि 1414 हवाई बचाव करणाऱ्या रेगा या संस्थेचा. रेगाचं अॅप तुमची जागा थेट त्यांना कळवतं. बोलून सांगायची वेळ आली तर स्विसटोपो अॅपमधले अक्षांश-रेखांश किंवा स्विस जाळ्याचे आकडे वाचून दाखवा. स्विस आकड्यांची ओळख सोपी आहे: पूर्वेचा आकडा 2 ने सुरू होतो, उत्तरेचा 1 ने, आणि मोजणीचा आधारबिंदू बर्नला आहे. हेलिकॉप्टर फुकट नसतं, म्हणून प्रवास विम्यात डोंगरातला बचाव येतो का, ते निघण्याआधी वाचून घ्या.

पुढे फ्रान्स, इटली किंवा ब्रिटनलाही जाणार आहोत. तिथे काय?

फ्रान्समध्ये आयजीएन ही सरकारी संस्था 1:25,000 चे नकाशे काढते, शामोनीसाठी तेच घ्यावेत. इटलीच्या डोलोमाइट्स भागात ताबाक्को या खासगी प्रकाशनाचे 1:25,000 चे नकाशे सर्वात विश्वासाचे. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेची एक्सप्लोरर मालिका 1:25,000 ची आणि लँडरेंजर 1:50,000 ची. लेक डिस्ट्रिक्टला जाणाऱ्यांनी एक्सप्लोररच घ्यावी, कारण शेतांच्या दगडी भिंतीही त्यात दाखवलेल्या असतात आणि धुक्यात वाट सापडते ती त्या भिंतींच्या आधाराने.

तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घेऊन ते परत आणलं तर चालेल?

नको. असं उपग्रह संदेशयंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही आणि विमानतळावर ते सापडल्याने प्रवासी अडचणीत आले आहेत. साध्या जीपीएस घड्याळाला ही अडचण नाही. स्वित्झर्लंडच्या नेहमीच्या वाटांवर संदेशयंत्राची गरजही पडत नाही. लांबच्या ट्रेकसाठी हवंच असेल तर तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा.